ग्वाल्हेरची थंडी, गरम पाणी आणि १५० युनिटांची रेघ

लष्करकर (धागालेखक)

नमस्कार मंडळी,

उन्हाळ्यात कूलर-एसीपायी बिल वाढणार हे आपण सगळे धरूनच चालतो. थंडीतल्या बिलाकडे मात्र कुणी नीट बघत नाही. ते आलं की घरात चार दिवस कुरकुर होते आणि फेब्रुवारीत सगळे विसरतात. यंदा डिसेंबर लागायच्या आधीच हा विषय काढतोय, कारण नंतर हाती फक्त बिल भरणं उरतं.

मध्य प्रदेशाबाहेरच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे अटल गृह ज्योती योजनेत घरगुती ग्राहकाचा रोजचा सरासरी वापर ५ युनिटांपर्यंत असेल, म्हणजे ३० दिवसांच्या बिलात १५० युनिटांपर्यंत, तर पहिल्या १०० युनिटांचे १०० रुपये पडतात. वरच्या ५० ना नेहमीचा दर. पण रेघ ओलांडली की सवलत पूर्ण जाते, सगळ्याच युनिटांना पूर्ण दर लागतो. त्यामुळे १४८ आणि १५३ या दोन बिलांत फरक पाच युनिटांचा राहत नाही, काही शे रुपयांचा होतो.

आमचं घर जिवाजीगंजात, जुनं, जाड भिंतींचं. आई-बाबा, आम्ही दोघं आणि शाळेत जाणारी मुलगी. नोव्हेंबरपर्यंत आम्ही रेघेच्या आत असतो, डिसेंबरात बाहेर पडतो. का, ते कागदावर मांडून बघितलं.

एका युनिटात ८६० लिटर पाणी एका अंशाने तापतं. हा आकडा लिहून ठेवा, पुढचं सगळं गणित त्यातूनच निघतं. टाकीतलं पाणी सकाळी १२ अंशांचं आणि अंघोळीचं ४२ चं धरलं, तर २० लिटरच्या बादलीला २० गुणिले ३०, म्हणजे ६०० लागतात. भागिले ८६०, उत्तर ०.७ युनिट. पाच माणसांचे साडेतीन युनिट रोज, महिन्याचे १०५. उरलेल्या ४५ युनिटांत फ्रिज, दिवे, टीव्ही, मिक्सर, वॉशिंग मशीन, पंप. कसं बसणार?

म्हणून माझं म्हणणं असं की थंडीत दिवे मालवत घरभर फिरून फारसं हाती लागत नाही. ९ वॅटचा एलईडी दिवा रोज सहा तास लावला तरी महिन्याला दीडएक युनिट होतं. पैसा जातो तो उष्णतेत : अंघोळीचं पाणी आणि खोली गरम करणं. तिथे काय करता येतं ते लिहा. आई-बाबांना थंडीत कुडकुडत ठेवून बिल कमी करायचं नाही, हे आधीच सांगतो.

दौलतगंज_काकू

हिशेब बरोबर आहे, पण ते १२ अंश कुठून आले ते बघा ना. ते गच्चीवरच्या टाकीत रात्रभर गारठलेलं पाणी आहे!

तुमच्याकडे बोअर असेलच. पहाटे मोटर लावून पहिली धार सोडून द्या आणि मग हात धरून बघा. पाणी कोमट लागतं, हिवाळ्यात त्याची वाफसुद्धा दिसते. जमिनीखालच्या पाण्याला वरच्या थंडीचा पत्ता नसतो. ते वर्षभर जवळजवळ एकाच तापमानाला असतं, आपल्याकडे साधारण २५ अंशांच्या आसपास. मग तेच पाणी रात्री गच्चीवर चढवून, गार करून, सकाळी पैसे घालून पुन्हा तापवायचं कशाला?

आमच्याकडे थंडीत टाकी रात्री भरत नाहीत. संध्याकाळच्या कामांनंतर ती तळाला आलेली असते. सकाळी सहाला मोटर लावतो आणि ते ताजं पाणी गिझरमध्ये जातं. बाथरूममध्ये बोअरचा थेट नळ असेल तर त्याहून उत्तम. एक-दोन अंघोळींपुरतं पाणी तिथूनच बादलीत घ्यायचं आणि वरून पातेलंभर कढत पाणी ओतायचं.

लष्करकर

काकू, हे लगेच मांडून बघितलं. २५ वरून ४२, म्हणजे १७ अंश. २० लिटरला ०.४ युनिट. पाच जणांचे रोज दोन, महिन्याचे ६०. साडेतीनवरून दोनवर! महिन्याला ४५ युनिटांचा फरक पडतो, आणि खरेदी काहीच नाही. रविवारी थर्मामीटर घेऊन टाकीचं आणि बोअरचं पाणी मोजणार आहे.

माधोगंज_७४

बोअर नसलेल्यांनी काय करायचं? आमच्याकडे फक्त नळ, तिघऱ्याचं पाणी. तेसुद्धा एक दिवसाआड.

दौलतगंज_काकू

तिघऱ्याचं पाणी उघड्या धरणातलं, ते एवढं कोमट येत नाही. पण तुमची टाकी काळी आणि उन्हात असेल तर दुपारी दोन-तीनला तिच्यातलं पाणी सकाळच्या मानाने बरंच ऊबदार असतं. घरात जे कुणी शाळा-ऑफिसला जात नाहीत त्यांच्या अंघोळी दुपारी ठेवा. म्हाताऱ्या माणसांना ते मानवतंही. सकाळी सातच्या कोहऱ्यात, म्हणजे धुक्यात, त्यांना न्हाणीघरात पाठवायचंच कशाला? पूजा आधी हात-पाय धुऊन होते. आमच्या सासूबाई शेवटपर्यंत थंडीत बारा वाजता, ऊन अंगणात आल्यावरच अंघोळ करायच्या.

मुरार_इंजिनिअर

काकूंचा मुद्दा अगदी खरा. त्यात गिझरचं थोडं जोडतो.

१) २५ लिटरचा गिझर ६० अंशांवर ठेवला आणि त्यात १२ अंशांचं पाणी मिसळलं, तर ४२ अंशांचं ४० लिटर मिळतं, म्हणजे दोन बादल्या. ४५ वर ठेवला तर सव्वा-दीड बादलीच निघते. एका बादलीमागे लागणारी वीज दोन्हीकडे जवळजवळ तेवढीच. फरक पडतो तो पाणी किती वेळ नुसतं गरम पडून राहतं त्याने. टाकी जितकी गरम आणि जितका वेळ उभी, तितकी उष्णता भिंतीवाटे जाते.

२) म्हणून अंघोळी एकामागोमाग एक उरका. साडेसहाला एक, आठला दुसरी, साडेनऊला तिसरी आणि गिझर सकाळभर चालू, हा सगळ्यात महागडा प्रकार. २००० वॅटच्या गिझरला १२ अंशांचं २५ लिटर पाणी ६० पर्यंत न्यायला ४०-४५ मिनिटं लागतात. तेवढ्याच आधी लावा आणि शेवटचा माणूस आत गेला की बटण बंद करा. टाकीत उरलेलं पाणी त्याला पुरतं.

३) गिझरवर बीईईचं (ऊर्जा बचतीचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेचं) स्टारचं लेबल असतं, त्यावर २४ तासांत नुसतं उभं राहून किती युनिट जातात ते छापलेलं असतं. घेताना लोक तारे मोजतात, हा आकडा कुणी वाचत नाही. तो वाचा.

४) बोअरचं पाणी वापरणाऱ्यांना एक इशारा. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड आहे. गिझरच्या कॉइलवर पांढरा खार धरतो, पाणी तापायला वेळ लागतो, कॉइल आतल्या आत जास्त तापते आणि जळते. थंडी सुरू व्हायच्या आधी एकदा गिझर उघडून खार काढून घ्या, आणि त्याच वेळी आतला मॅग्नेशियमचा दांडा बघायला सांगा. तो झिजून संपला की टाकी गंजायला लागते.

थाटीपूरची_सून

आमच्याकडे सहा महिन्यांचं बाळ आहे, म्हणून खोली गरम ठेवावीच लागते. दुकानदार म्हणाला ऑइलवाला हीटर घ्या, तो वीज कमी खातो. खरं आहे का?

मुरार_इंजिनिअर

ताई, एक युनिट वीज कुठल्याही हीटरमध्ये घातली तरी खोलीला एक युनिटाचीच उष्णता मिळते. रॉडवाला असो, ब्लोअर असो, ऑइलचा असो. २००० वॅटचा हीटर तासाला दोन युनिट घेणार, मग त्यावर काहीही छापलेलं असो. ऑइलच्या हीटरला थर्मोस्टॅट असतो. खोली तापली की तो आपोआप थांबतो, आणि बंद केल्यावरही थोडा वेळ ऊब देत राहतो. वीज वाचते ती त्या थांबण्यामुळे. थर्मोस्टॅट शेवटपर्यंत फिरवून ठेवला तर काहीच वाचणार नाही. बाळाच्या खोलीत मात्र तोच घ्या. उघडी लाल कॉइल नसते आणि वारा अंगावर येत नाही.

खोली तापवायचा सगळ्यात स्वस्त विजेचा मार्ग म्हणजे गरम-थंड दोन्ही करणारा इन्व्हर्टर एसी. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतून ओढून आत आणतो, म्हणून एका युनिटात साधारण तिप्पट उष्णता मिळते. घरात आधीच एसी असेल तर रिमोटवर सूर्याचं चिन्ह आहे का बघा. नसेल तर तो फक्त थंड करणारा.

आणि आजी-आजोबा खुर्चीत बसून टीव्ही बघत असतील तर अख्खी खोली तापवायची गरज नाही. आपल्या जुन्या घरांची छतं १२-१४ फुटांवर, गरम हवा सगळी वर जाऊन बसते. पायांशी ४०० वॅटचा क्वार्ट्झ हीटर ठेवा, त्याची आच थेट माणसाला लागते. रोज तीन तास लावला तर महिन्याचे ३६ युनिट. २००० वॅटचा ब्लोअर तेवढाच वेळ लावला तर १८०. म्हणजे त्या एकट्यानेच रेघ ओलांडली.

छत्रीबाजार

हीटरच्या आधी दाराखालची फट बुजवा. आमच्या जुन्या दारांखालून बोट जाईल एवढी फट आहे. रात्री तिथे हात धरला की वारा लागतो. जुन्या साडीची लांब सुरळी करून, आत चिंध्या भरून, दारापाशी टाकली. गच्चीच्या जिन्याचं दार तर हमखास बघा, थंडीचा लोट तिथूनच खाली उतरतो. फरशीवर सतरंजी, त्यावर चटई. आणि दक्षिणेच्या खिडक्यांचे पडदे अकरा ते चार पूर्ण उघडे. डिसेंबरात दुपारीही सूर्य आपल्याकडे जेमतेम ४० अंश वर येतो, त्यामुळे ऊन खोलीत पार आतपर्यंत शिरतं. साडेचारला पडदे ओढून घ्यायचे.

अंथरुणाचंही तेच. पलंग गरम करायला खोली गरम करायला नको. रबरी पिशवीत दीड लिटर गरम पाणी भरून झोपायच्या आधी रजईत सरकवा. त्याला लागणारी वीज युनिटाच्या दहाव्या हिश्शाएवढी. आणि रजया जुन्या झाल्या असतील तर दिवाळीनंतर रुई पिंजून घ्या. दबलेल्या रुईत हवा राहत नाही, मग एकाच्या जागी दोन घेतल्या तरी थंडी वाजते.

डॉक्टर_लष्कर

धागा चांगला चाललाय, पण एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे.

वीज वाचवायला खोलीत कोळशाची शेगडी पेटवून दारं लावून झोपू नका. दर हिवाळ्यात उत्तर भारतात यात माणसं जातात. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि माणसाला वाटतं झोप येतेय. छत्रीबाजार यांनी सांगितलेली फट बुजवणं विजेच्या हीटरसोबत ठीक. जिथे काहीही जळतंय तिथे ती फट उघडीच हवी.

गॅस गिझरचंही तेच. तो बाथरूमच्या आत कधीही नको, बाहेर मोकळ्या हवेत बसवा. लहान बाथरूम, बंद खिडकी आणि आत गॅस गिझर, हे फार धोक्याचं आहे. अंघोळीत चक्कर आली तर आधी दार उघडा, माणसाला बाहेर मोकळ्या हवेत आणा आणि लगेच दवाखाना गाठा.

दुसरं, वृद्धांच्या बाबतीत काटकसर बेतानेच करा. जागतिक आरोग्य संघटनेने थंड हवामानात घरातलं तापमान निदान १८ अंश असावं असं म्हटलं आहे. थंडीत रक्तदाब वाढतो, पहाटे उठून एकदम गार न्हाणीघरात जाणं हृदयरोग्यांना झेपत नाही. काकूंनी सांगितलेली दुपारची अंघोळ हा औषधाइतकाच चांगला सल्ला आहे.

माधोगंज_७४

गॅसवर पाणी तापवणं स्वस्त पडतं का मग? आम्ही बंब काढून टाकला, आता चुलीवर पातेलं ठेवतो.

मुरार_इंजिनिअर

एक किलो एलपीजीत साधारण ११,००० किलोकॅलरी. चांगल्या गॅस गिझरमध्ये त्यातला बहुतेक भाग पाण्यात जातो. उघड्या पातेल्यात निम्म्याच्या आसपास जातो, बाकीचा बाजूने स्वयंपाकघरात. १२ अंशांच्या बादलीला गॅस गिझरमध्ये ७० ग्रॅम लागतात, पातेल्यात ११० ग्रॅम धरा. तुमच्या सिलेंडरच्या किमतीला १४.२ ने भागा आणि विजेच्या ०.७ युनिटाशी ताडून बघा. सवलतीच्या आत असाल तर वीज स्वस्त, १५० च्या वर गेलात तर गॅस गिझर साधारण बरोबरीचा किंवा थोडा स्वस्त. पातेल्याने खास काही वाचत नाही. ठेवलंच तर झाकण ठेवा आणि ज्योत बुडाच्या बाहेर जाऊ देऊ नका.

दौलतगंज_काकू

गॅसवरून आठवलं. जानेवारीत सिलेंडर संपत आला की सकाळी ज्योत बारीक होते आणि लोक समजतात गॅस संपला. संपलेला नसतो. आतलं ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपासच उकळायचं थांबतं, म्हणून गारठ्यात त्याची वाफ नीट होत नाही. सिलेंडर गार फरशीवर न ठेवता लाकडी पाटावर ठेवा. उन्हं आली की ज्योत पुन्हा मोठी होते. सिलेंडर आडवा करणं किंवा कढत पाण्यात ठेवणं अजिबात करू नका.

कंपूवाला

घरात काय किती खातं हे मोजायची एक पद्धत देतो, यंत्र लागत नाही.

मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. त्याच्या शेजारी छापलेलं असतं, एका युनिटाला किती वेळा लुकलुकणार ते. आमच्यावर ३२०० आहे, काहींवर १६०० किंवा वेगळंही असतं. ३२०० असेल तर दोन लुकलुकींमधले सेकंद मोजायचे आणि ११२५ ला त्यांनी भागायचं. येतील ते वॅट.

रात्री सगळं बंद करा, फ्रिजचा प्लगसुद्धा पाच मिनिटं काढा, आणि मीटरसमोर उभे राहा. दिवा पूर्ण शांत राहायला हवा. आमच्याकडे तो २५ सेकंदांनी लुकलुकत होता, म्हणजे ४५ वॅट. रात्रंदिवस ४५ वॅट म्हणजे महिन्याला ३२ युनिट! शोधलं तर सेट-टॉप बॉक्स, टीव्ही, इन्व्हर्टरची जुनी बॅटरी आणि वायफाय निघाले. त्यातली बॅटरीच सगळ्यात जास्त ओढत होती. नंतर गिझर लावून बघा, दिवा सेकंदाला दोनदाच्या जवळपास लुकलुकेल. मुलांना हे दाखवा, सांगावं लागत नाही.

इंदूरकर_भाऊ

आमच्या इंदुरात तुमच्याइतका गारठा नाही, पण बिलं सारखीच. स्मार्ट मीटर बसलेल्यांसाठी एक. राज्याच्या २०२५-२६ च्या दरात स्मार्ट मीटरच्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मध्ये वापरलेल्या विजेवर २० टक्के सूट होती. ती चालू असेल तर दुपारच्या अंघोळी, वॉशिंग मशीन, इस्त्री, पाण्याचा पंप हे सगळं त्या वेळात न्या. बिलावर ती सूट वेगळ्या ओळीत दिसते, तपासून घ्या.

थाटीपूरची_सून

सोलरचं काय? छतावर जागा आहे.

मुरार_इंजिनिअर

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नळ्यांचा सोलर वॉटर हीटर स्वच्छ उन्हात उत्तम चालतो. पण आपल्याकडे जानेवारीत कोहरा सलग पसरतो आणि नेमकं तेव्हाच पाणी तापत नाही, त्यामुळे गिझर पूर्ण काढता येत नाही. वर्षाचा विचार करून घ्या, फक्त थंडीचा नको.

वीज बनवणारे पॅनल घ्यायचे तर पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० आणि ३ किलोवॅट किंवा जास्तीला एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. वर्षाची सरासरी किलोवॅटमागे दिवसाला चारेक युनिट धरा, कोहऱ्यात बरंच कमी. पण ज्यांचा वापर वर्षभर १५० च्या आत आहे त्यांनी आधी नीट हिशेब करावा. बिलच कमी असेल तर पैसे वसूल व्हायला फार वर्षं जातात.

माधोगंज_७४

शेवटचं विचारतो. यंदा ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात गिझर घ्यायचा विचार आहे. तीन लिटरचा इन्स्टंट स्वस्त मिळतो, लगेच पाणी देतो. घ्यावा का?

मुरार_इंजिनिअर

स्वयंपाकघरात भांड्यांसाठी घ्या, अंघोळीला नको. ३००० वॅटचा इन्स्टंट १२ अंशांचं पाणी ४२ ला नेत असेल तर मिनिटाला दीड लिटरसुद्धा देत नाही. बादली भरायला चौदा मिनिटं. मुंबई-पुण्यात नळाचं पाणीच जास्त गरम असतं, म्हणून तिथे तो चालतो. तुम्ही तिघं असाल तर १५ लिटरचा, पाच तारे, उभा, आणि जमेल तितका बाथरूमजवळ. जड पाण्यासाठी काच-लेपाची टाकी बघा.

आणि घ्यायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून बाथरूमची लाइन दाखवा. जुन्या घरात गिझर बहुतेक वेळा ६ अँपिअरच्या सॉकेटवर लावलेला सापडतो. २००० वॅटला १६ अँपिअरचा सॉकेट, ४ स्क्वेअर मिलिमीटरची स्वतंत्र तार आणि खरोखर जमिनीत गेलेलं अर्थिंग हवं. सॉकेट हाताला गरम लागत असेल तर गिझर आजच बंद ठेवा.

माधोगंज_७४

आमचा सॉकेट गरमच लागतो. उद्या सकाळी माणूस बोलावतो.